माउंडवर चालत जाणारा माणूस: जो टॉरेबद्दल एका जुन्या विद्यार्थ्याला उत्तर

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, बेसबॉलचा मॅनेजर करतो तरी काय? खेळतात तर खेळाडूच. आणि तुम्ही सारखं ज्याचं नाव घेता तो जो टॉरे, तो आधी मोठा खेळाडू होता म्हणूनच मोठा मॅनेजर झाला ना?" मी "भेटल्यावर बोलू" म्हणून टाळलं. पण आता तू स्वतः शाळेच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा कोच झाला आहेस, तेव्हा नीट लिहूनच पाठवतो. लांबेल, सवडीने वाच.

आधी कामाचं बोलू. क्रिकेटमध्ये कॅप्टन मैदानात असतो. बॉलर बदलणं, फिल्डिंग लावणं त्याच्या हातात, आणि कोच बाहेर वही घेऊन बसलेला. बेसबॉलमध्ये हे सगळं मॅनेजरकडे. बॅटिंगचा क्रम त्याचा, पिचर (बॉल टाकणारा) कधी बदलायचा तो निर्णय त्याचा, बंट करायचा (बॅट नुसती टेकवायची) की मारायचं, बेस चोरायचा (पिच पडतानाच पुढच्या टप्प्याकडे पळायचं) की थांबायचं, इनफिल्ड (बेसजवळचे फिल्डर) पुढे घ्यायची की मागे ठेवायची, सगळं डगआऊटमधून (संघाच्या बाकावरून) खुणांनी. म्हणून तर साठीचा माणूससुद्धा पोरांसारखाच गणवेश चढवून बसतो. (याला अपवाद कॉनी मॅक. 1901 ते 1950 अशी 50 वर्षं फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचा मॅनेजर, आणि कायम सुटाबुटात.)

एक फरक तुला पहिल्याच मॅचला जाणवेल. आपल्या सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या नवातली मुलगी बाहेर काढली तरी एकदा परत आत घेता येते. बेसबॉलमध्ये गेला तो गेला, त्या मॅचपुरता संपला. त्यामुळे प्रत्येक बदल म्हणजे खिशातली एक नोट कायमची खर्च. आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, अशा मॅच हंगामात किती? 162. जवळजवळ रोज एक. रोज सव्वीस माणसांतल्या नऊ जणांना खेळवायचं आणि उरलेल्यांची तोंडं बघायची. हे उरलेलेच मॅनेजरची खरी परीक्षा घेतात.

आता टॉरे. ब्रुकलिनमधलं इटालियन वळणाचं घर, 1940 चा जन्म, पाच भावंडांत धाकटा. वडील न्यूयॉर्क पोलिसांत डिटेक्टिव्ह, आणि घरात आईवर हात उचलणारे. वडिलांची गाडी घरासमोर दिसली की हा पोरगा घरी न जाता मित्राकडे जायचा, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. थोरला भाऊ फ्रँक मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाचा फर्स्ट बेसमन, 1957 च्या विश्वविजेत्या संघातला. जो अंगाने जाड. फ्रँकने सरळ सांगितलं, तुझ्या या देहाला कॅचरशिवाय जागा नाही.

त्याच्या आयुष्याला वळण या एका टोमण्याने दिलं असं मला नेहमी वाटतं. कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, हा मैदानावरचा एकमेव माणूस ज्याचं तोंड बाकीच्या आठ जणांकडे असतं. पिचरला पुढचा बॉल कोणता ते तोच सुचवतो, पिचर घाबरला तर सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. योगी बेरा, ब्रूस बोची, जो जिरार्डी, आणि तो सुटाबुटातला कॉनी मॅकसुद्धा, सगळे कॅचर. मीही कॅचरच होतो, तेव्हा यात माझा पक्षपात आहे असं धर.

1960 मध्ये तो ब्रेव्ह्जकडून मेजर लीगमध्ये आला. 1966 मध्ये संघ अटलांटाला गेला, आणि तिथल्या नव्या स्टेडियममधला मेजर लीगचा पहिला होम रन (मैदानाबाहेर मारलेला फटका) याच्याच बॅटमधून निघाला. 1969 मध्ये त्याला सेंट लुईस कार्डिनल्सला देऊन बदल्यात ऑर्लँडो सेपेडाला घेतलं. नशीब बघ. कार्डिनल्स 1967 आणि 1968 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे विश्वविजेता ठरवणारी अंतिम मालिका, खेळले होते. हा तिथे पोचला आणि त्यांची गाडी थांबली. ज्यांनी त्याला सोडलं त्या ब्रेव्ह्जनी त्याच वर्षी आपली डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकली. 18 हंगाम खेळला, वर्ल्ड सिरीजची एक मॅच वाट्याला आली नाही.

खेळाडू म्हणून मात्र अव्वल. नऊ वेळा ऑल-स्टार, 2,342 हिट (बॉल मारून बेस गाठणं), 252 होम रन, कारकिर्दीची सरासरी .297. आणि 1971 चं वर्ष म्हणजे कळस. कॅचिंग सोडून थर्ड बेसला उभा राहिला आणि .363 ची सरासरी, 230 हिट, 137 धावा आत आणल्या. मेजर लीगच्या दोन लीगांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बेसबॉलमध्ये दहांतले तीन लागले तर माणूस चांगला, हे तुला ठाऊक आहे. .363 म्हणजे स्वप्न.

पुढच्या वर्षी .289. माणूस तोच, बॅट तीच, मेहनतही तेवढीच. आणखी तीन वर्षांनी, न्यूयॉर्क मेट्सकडे असताना, .247. त्याच 1975 च्या जुलैत एका मॅचमध्ये चार वेळा बॅटिंगला गेला आणि चारही वेळा डबल प्ले. त्याच्या आधी येणाऱ्या फेलिक्स मिलानने चारही वेळा सिंगल घेऊन बेस गाठला होता, आणि याने चारही वेळा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारून स्वतःबरोबर त्यालाही बाद केलं. मॅचनंतर पत्रकारांना हा काय म्हणाला? फेलिक्सशिवाय हे जमलंच नसतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. मोठा खेळाडू होता म्हणून मोठा मॅनेजर झाला, हे हिशोबात बसत नाही. टोनी ला रुसाची खेळाडू म्हणून सरासरी .199, मॅनेजर म्हणून तीन विश्वविजेतेपदं. अर्ल वीव्हर मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. स्पार्की अँडरसन एकच हंगाम खेळला, मग तीनदा विश्वविजेता मॅनेजर. उलट टेड विल्यम्ससारखा बॅटर शोधून सापडायचा नाही, पण त्याची मॅनेजरी पहिलं वर्ष बरी गेली आणि चौथ्या वर्षी संघ 100 मॅच हरला. टॉरेच्या कामी .363 आलं असेल, पण .363 वरून .247 वर घसरताना आरशात जो माणूस दिसला तो जास्त उपयोगी पडला. ज्याने कधी चार डबल प्ले मारलेले नाहीत त्याला बाकावर बसलेल्या पोराशी काय बोलायचं ते कुठून सुचणार?

आणि लगेच सुचलं असंही नाही. 31 मे 1977 ला मेट्सनी खेळत असतानाच त्याला मॅनेजर केलं. जेमतेम 18 दिवस दोन्ही कामं केली, मग बॅट ठेवली. त्याच जूनमध्ये मालकांनी संघाचा प्राण असलेला पिचर टॉम सीव्हर दुसऱ्या संघाला देऊन टाकला. पाच वर्षांत एकही हंगाम जिंकलेल्या मॅच जास्त असा नाही. गच्छंती. मग अटलांटा: 1982 ची सुरुवात सलग 13 विजयांनी, डिव्हिजन जिंकली, पण प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) कार्डिनल्सकडून तीन-शून्य. दोन वर्षांनी तिथूनही गच्छंती. पाच-सहा वर्षं कॅलिफोर्नियात टीव्हीवर कॉमेंट्री केली. 1990 मध्ये सेंट लुईसला बोलावणं आलं, 1995 च्या जूनमध्ये तिथूनही काढलं. तीन संघ, तीनदा नारळ. एकूण 894 विजय, 1,003 पराभव.

अशा माणसाला 1995 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क यांकीजनी मॅनेजर नेमलं. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, ज्याने 23 हंगामांत 20 वेळा मॅनेजर बदलले होते. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने मथळा दिला, त्याचा मतलब एवढाच की या जोला कशाचा पत्ता नाही.

आता 1996 ची वर्ल्ड सिरीज. याच एका आठवड्यात तुझ्या "करतो तरी काय"चं उत्तर आहे. समोर अटलांटा ब्रेव्ह्ज, आदल्या वर्षीचे विजेते. पहिली मॅच न्यूयॉर्कला, 12-1 हार. 19 वर्षांच्या अँड्रू जोन्सने दोन होम रन मारले. टॉरे स्वतः सांगतो की दुसऱ्या मॅचआधी मालक केबिनमध्ये आला तेव्हा त्याने मालकाला शांतपणे सांगितलं, आजचीही हरू असं समजून चाला, पण मग आपण अटलांटाला जातो, ते माझं गाव आहे, तिथे तिन्ही जिंकू आणि शनिवारी इथे येऊन संपवू. दुसरी मॅच ग्रेग मॅडक्ससमोर 4-0 हरले.

तिसरी मॅच, अटलांटा. पिचर डेव्हिड कोन. या कोनच्या खांद्याजवळच्या धमनीला त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅन्युरिझम (फुगवटा) निघालं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. सप्टेंबरात परतला तेव्हा पहिल्याच मॅचमध्ये सात इनिंग एकही हिट दिली नाही, आणि 85 बॉल झाल्यावर टॉरेने त्याला काढलं. नो-हिटर दोन इनिंगवर असताना! पिचरच्या आयुष्यात एकदा आली तर येणारी गोष्ट. पण खांदा जास्त महत्त्वाचा, म्हणून काढलं.

तर सहावी इनिंग. यांकीज 2-0 पुढे. कोनने विरोधी पिचर टॉम ग्लाव्हिनलाच वॉक (चार चुकीचे बॉल, फुकटचा बेस) दिला, मग एक हिट, एक बाद, परत वॉक. तिन्ही बेस भरलेले, एक आऊट, समोर डावखुरा फ्रेड मॅकग्रिफ, ब्रेव्ह्जचा दांडगा बॅटर. बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागी) डावखुरा पिचर हात गरम करून तयार. पुस्तक म्हणतं, डावखुऱ्यासमोर डावखुरा आण, बदल. टॉरे डगआऊटमधून निघाला, हात मागे, घाई नाही. माउंडवर, पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, जाऊन कोनच्या नाकाला नाक लागेल एवढा जवळ गेला आणि म्हणाला, मला खरं सांग, हे फार महत्त्वाचं आहे. कसा आहेस? कोन म्हणाला, ठीक आहे, स्लायडरची (वळणाऱ्या बॉलची) पकड जरा गेली होती, पण याला काढतो. टॉरेने पुन्हा तेच विचारलं. शब्द ऐकायला नव्हे, डोळे बघायला. आणि वळून परत गेला.

मॅकग्रिफ पॉपअप, बॉल उंच उडून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातात. पुढच्याला वॉक, बेस भरलेले म्हणून एक धाव गेली, 2-1. पुढचा, कॅचर हावी लोपेझ, फाउलमध्ये वर उडाला आणि झेल. इनिंग संपली. मॅच 5-2.

मी हा प्रसंग पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा अंगावर काटा आला, कारण मी याच्या अगदी उलट वागलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरजिल्हा फायनलला माझी पिचर, सोळा वर्षांची पोरगी, पाचव्या इनिंगला दोन वॉक देऊन बसली. मी तिथूनच, बाकावरून, हाताने इशारा केला: ये बाहेर. जवळ गेलो नाही, विचारलं नाही. मैदानाच्या मधून ती एकटी चालत आली, मान खाली. आलेल्या दुसऱ्या पिचरने मॅच घालवली ते सोड. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की बोटाला फोड आला होता, पट्टी बदलली असती तर टाकत होती ती. पट्टी माझ्या किटबॅगेत होती. पुढच्या मोसमात ती मैदानावर आली नाही. त्या दिवशी मॅनेजर मी होतो आणि मॅनेजरचं एकच काम होतं, पंचवीस पावलं चालायचं.

चौथी मॅच म्हणजे गमतीचा खजिना. पाच इनिंगनंतर यांकीज 6-0 मागे. सहाव्यात तीन काढल्या. त्याच इनिंगला कॅचर जिरार्डीच्या जागी पिंच हिटर (बदली बॅटर) गेला होता, म्हणून दुसरा कॅचर जिम लेरिट्झ आत आला. आठव्या इनिंगला याच लेरिट्झने मार्क वोलर्सच्या स्लायडरवर तीन धावांचा होम रन मारला, 6-6. दहाव्या इनिंगला दोन बाद असताना अटलांटाच्या बॉबी कॉक्सने बर्नी विल्यम्सला मुद्दाम वॉक देऊन तिन्ही बेस भरले, कारण त्याच्यामागे कच्चा बॅटर होता. पण टॉरेने बाकावरचा शेवटचा खेळाडू तोवर जपून ठेवला होता: वेड बॉग्स, बॉल ओळखण्यात ज्याचा हात धरणारा नव्हता. त्याने काही मारलं नाही. वॉक घेतला, आणि विजयाची धाव चालत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आली. मघाशी नोटेचं म्हटलं ना, ती शेवटची नोट ही अशी मोडायची असते.

पाचव्या मॅचला तो पुस्तकाच्या पार विरुद्ध गेला. 1-0 ची आघाडी, नववी इनिंग, दोन माणसं बेसवर, बॅटिंगला पिचर अँडी पेटिट. (त्या काळी नॅशनल लीगच्या मैदानावर पिचरला बॅट धरावी लागे.) कुणीही पिंच हिटर पाठवला असता. टॉरेने पेटिटलाच पाठवलं, पुढे त्याच्याकडूनच पिच करून घ्यायचं म्हणून. मग खालच्या हाफात, अटलांटाच्या बॅटिंगला, पेटिटने पहिल्याच बॅटरला डबल (दोन बेसचा फटका) दिला! शेवटी क्लोजर (मॅच संपवायला आणायचा पिचर) जॉन वेटलंडला आणावं लागलं. दोन बाद झाले, समोर लुईस पोलोनिया. तेव्हा फर्स्ट बेसचा कोच होझे कार्डेनाल डगआऊटमधून राइट फिल्डच्या पॉल ओ'नीलला हातवारे करून सांगत होता, मध्याकडे सरक, सरक. ओ'नील मांडीच्या दुखण्याने लंगडत होता, त्याला टॉरेने त्या दिवशी बाहेर बसवायचंच ठरवलं होतं. डॉन झिमर नावाचा जुना सहायक बाजूला बसायचा, तो म्हणाला, पोरगा वर्षभर एका पायावर खेळला आहे रे. टॉरेने ऐकलं. पोलोनियाने बॉल लांब मारला, आणि ते दोन-चार पावलं सरकलेला ओ'नील लंगडत धावून तो झेल घेऊन बसला. मॅच संपली. पिचर चुकीचा ठेवला असेल, पण शेजारी बसलेल्याचं ऐकणं बरोबर होतं.

25 ऑक्टोबरला, मधल्या सुट्टीच्या दिवशी, फ्रँकवर न्यूयॉर्कमध्ये हृदयरोपण झालं. दुसरा भाऊ रोको त्याच जूनमध्ये गेला होता. 26 तारखेला, शनिवारी, यांकीज विश्वविजेते झाले. मालकाला दिलेला शब्द वारासकट खरा.

पुढचं तुला माहीत आहे, भरभर सांगतो. 1998, 1999, 2000 लागोपाठ विजेतेपदं. 1998 ला 114 विजय. 1999 च्या सुरुवातीला स्वतःला प्रोस्टेटचा कॅन्सर, काही आठवडे झिमरने संघ सांभाळला. यांकीजकडे 12 हंगाम, बाराही वेळा प्लेऑफ. 2007 अखेर त्यांनी एका वर्षाचा करार पुढे केला, पगार कमी आणि प्लेऑफच्या फेऱ्या गाठल्या तर बक्षिसी. त्याला तो अपमान वाटला, नमस्कार करून निघाला. लॉस एंजलिस डॉजर्सकडे तीन वर्षं, दोन डिव्हिजन. एकूण 2,326 विजय. खेळाडू म्हणून 2,000 हिट आणि मॅनेजर म्हणून 2,000 विजय, दोन्ही करणारा तो एकटाच. 2014 ला हॉल ऑफ फेम. आणि 2002 मध्ये त्याने घरातल्या मारहाणीने भेदरलेल्या मुलांसाठी संस्था काढली, सेफ अ‍ॅट होम.

पण 2001 सोडून चालणार नाही, नाहीतर तुला वाटेल मी आरती ओवाळतोय. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, समोर अ‍ॅरिझोना, नववी इनिंग, 2-2, तिन्ही बेस भरलेले, एक बाद. पिचर मारियानो रिव्हेरा, समोर डावखुरा लुईस गोन्झालेझ. टॉरेने इनफिल्ड पुढे घेतली, धाव घरीच मारायची म्हणून. टीव्हीवर टिम मॅककार्व्हर, टॉरेचा जुना सहकारी आणि अर्थात कॅचरच, म्हणाला की रिव्हेराचा कटर बॉल डावखुऱ्यांच्या हाताशी घुसतो, बॅट तुटून बॉल इनफिल्डच्या डोक्यावरून अलगद पडतो, पुढे घेण्यातला हा धोका आहे. पुढच्याच बॉलला तसंच झालं, आणि वर्ल्ड सिरीज गेली. शॉर्टस्टॉप डेरेक जेटर नेहमीच्या जागी असता तर कदाचित झेल होता. निर्णय चुकला का? मी पुढे घेतली नसती, असं आज घरात बसून म्हणतो. पण साधा ग्राउंडर हळू गेला असता तर मागे उभी इनफिल्ड बघत राहिली असती, आणि मग लोकांनी तेही विचारलं असतं.

तुझ्यापुरतं एवढंच: मुली पिच करतात तेव्हा बॉल मोज, वहीत लिही, आणि बदलायच्या आधी चालत जा. जाण्याआधी बुलपेनमधली मुलगी खरंच तयार आहे का ते बघून घे. बेसबॉलच्या नियमाने एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेलास तर तिला काढावंच लागतं, तेव्हा पहिली फेरी उगाच खर्च करू नकोस. सॉफ्टबॉलचे आकडे वेगळे, ते अंपायरला मॅचआधी विचारून ठेव. रविवारी सकाळी मी मैदानावर आहे, स्कोअरबुक घेऊन ये. आणि पट्ट्या आण, माझ्याकडच्या संपल्यात.